साखरेचं निमित्त

"आई न्हाई म्हनतीय," एवढंच हनुमंत फोनवर बोलला. शनिवारची सकाळ होती, सुलक्षणा पुण्यात प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकापाशी बसली होती, आणि कशाला न्हाई हे तिला विचारावं लागलं नाही. सोमवारी आईचं ऑपरेशन होतं. रविवारी दुपारी भरती व्हायचं, सोमवारी छातीतली गाठ काढायची, ही तारीख मिळवता मिळवता दोघा भावंडांच्या नाकी नऊ आले होते. आता आई म्हणत होती की साखर उतरली, गाठ विरघळली, मग कापाकापी कशाला?

"तू काय सांगितलंस तिला?"

"म्या काय सांगनार? तू ये. तुझंच ऐकती ती."

तुझंच ऐकती ती! स्वारगेटला वेल्ह्याची एसटी धरल्यापासून विंझरला उतरेपर्यंत हे शब्द सुलक्षणाला टोचत राहिले. आई तिचं ऐकत होती हेच तर खरं दुखणं होतं. त्या गाठीला साखरेचं नाव दिलं होतं ते सुलक्षणानंच.

गाठ कॅन्सरची होती. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त जिला झाली तिला सोडून.

असं करायला हनुमंतापाशी कारण होतं, आणि ते काही पोरकट कारण नव्हतं. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या वडिलांना, कोंडिबांना, पोटात तोच आजार निघाला. डॉक्टर सरळ माणूस. त्यानं समोर बसवून नाव घेऊन सांगितलं, आणि उपचार केले तर वर्ष-दीड वर्ष सहज निघेल असंही सांगितलं. कोंडिबांनी पुढचं ऐकलंच नाही. घरी आले, भिंतीकडे तोंड करून आडवे झाले आणि अन्नपाणी सोडलं. पुढची अमावस्या काही त्यांनी पाहिली नाही. "आबा रोगानं न्हाई गेलं, नावानं गेलं," असं हनुमंत तेव्हापासून म्हणतो. त्यांच्या गावात, पालीत, तसंही त्या आजाराचं नाव कुणी घेत नाही. दिवेलागणीनंतर सापाला जसं लांबडं म्हणायचं, तसं याला 'मोठं दुखणं' म्हणायचं, आणि तेही आवाज उतरवून.

म्हणून श्रावणात भोरच्या डॉक्टर शैलजांच्या हाताला ठकुबाईची गाठ लागली आणि पुण्याहून तपासणीचा निकाल आला, तेव्हा हनुमंतानं दवाखान्याच्या जिन्यातच बहिणीचे हात धरले. आईला सांगायचं नाही म्हणजे नाही. मग काय सांगायचं? ठकुबाईला गेली कित्येक वर्षं मधुमेह होताच. सुलक्षणानं थोडा विचार केला आणि म्हणाली, "साखरेमुळं गाठ झालीय म्हण. तसं ते खोटंही नाही."

'तसं ते खोटंही नाही' हे शेपूट तिनं स्वतःच्या समाधानासाठी जोडलं होतं. पीएच.डी. झाल्यावर गेली तीन वर्षं ती हेच तर शोधत होती, की मधुमेहासारखा आजार अंगात मुरलेला असला तर कॅन्सरच्या पेशींत काय फरक पडतो. त्या किती वाढतात हे बघणारे दुसरे होते. ही बघायची त्या किती मऊ पडतात, किती ताणल्या जातात, चिंचोळ्या जागेतून कशा निसटतात ते. केसाहून कितीतरी बारीक फटी असलेली एक पारदर्शक पट्टी ती बनवायची, तिच्यात पेशी सोडायची आणि डोळा लावून बसायची. साध्या द्रवात वाढलेल्या पेशी फटीच्या तोंडाशी अडखळायच्या. मधुमेही माणसाच्या रक्तासारख्या, साखर जास्त असलेल्या द्रवात वाढलेल्या काही पेशी मात्र कणगीच्या भोकातून उंदीर जावा तशा अंग चोरून पलीकडे जायच्या. का जातात, सगळ्याच का जात नाहीत, माणसाच्या शरीरातही हे असंच घडतं का, यातलं अजून पक्कं काहीच नव्हतं. परिषदेत कुणी विचारलं तर ती दर वाक्याला 'कदाचित' लावायची. आईशी बोलताना तिनं तो शब्द एकदाही वापरला नाही.

पुण्याच्या सर्जननी भावंडांचं अर्धंच ऐकलं होतं. केमोची सलाईन सुरू करू, पण ऑपरेशनच्या सहीआधी पेशंटला मी सगळं सांगणार, त्याच्या आत तुम्ही सांगितलंत तर बरं, असं त्यांनी बजावलं होतं. सलाईनी झाल्या. डोक्यावरचे केस गेले, तेव्हा 'औषध उष्ण पडलं' म्हणून हनुमंतानं वेळ मारून नेली. ठकुबाईनं पदर घट्ट केला आणि पुन्हा विचारलं नाही, कारण लेक डॉक्टर होती आणि लेकीनं सांगितलं होतं. लेक कसली डॉक्टर आहे, हे पालीत कुणी खोलात जाऊन विचारलेलं नव्हतं. सांगण्याचं काम मात्र आज करू, उद्या करू असं करत या शनिवारावर येऊन आदळलं होतं.

विंझरहून मिळेल त्या जीपनं ती पालीत पोचली तेव्हा राजगडावरून उतरलेल्या पोरापोरींनी पडवी भरून गेली होती. हनुमंत गडाच्या पायथ्याशी जेवण देतो. पिठलं-भाकरी, ठेचा, वर ताक. शनिवार-रविवारी त्याला मान वर करायला फुरसत नसते. बहिणीला बघून त्यानं हातातली टोपली कुणाच्या तरी ताटापुढं ठेवली आणि तिला गोठ्यामागं नेलं.

"नाव घ्यायचं न्हाई," तो म्हणाला. "काय बी कर. रड, शपथ घाल, पाया पड. पर नाव घ्यायचं न्हाई. आबांसारखं झालं तर म्या तुला जल्मात माफ करनार न्हाई, सुलु."

"उद्या डॉक्टर सांगणारच आहेत, दादा."

"उद्या दवाखान्यात असंल ती. तितं भिंतीकडं तोंड करून पडली तरी सुई टोचाय मानसं हायती. हितं कोन हाय?"

भाऊ चुकतोय असं तिला वाटत होतं, आणि तोच बरोबर निघाला तर काय, ही धास्तीही तेवढीच होती. तिनं मान डोलावली. नाव घेणार नाही म्हणून कबूल केलं आणि ती आत गेली.

ठकुबाई चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. आई इतकी वाळली असेल असं सुलक्षणाच्या ध्यानीमनी नव्हतं. झंपरातून पाठीचे मणके दिसत होते, गालफडं आत गेली होती. सलाईनींनी माणूस थकतं हे तिला माहीत होतं, पण हे थकणं वेगळं होतं, हे उपासमारीचं होतं. डोळे मात्र लखलखीत आणि आवाज खणखणीत, एखादी मोठी लढाई जिंकून बसल्यासारखा.

"आलीस? हन्म्यानं कागाळी केली वाटतं."

"जेवलीस का तू?"

"जेवले की. अर्धी नाचनीची भाकर आनि कारल्याचा रस." ठकुबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "परवा आशाताईनं बोटाला टोचून बघितली साखर. एकदम जाग्यावर! म्हनली, मावशी, तुमाला बक्षीस द्याया पायजे. आनि हे बघ." तिनं पिठाचा हात झटकला, लेकीचा हात ओढला आणि पदराआड छातीवर ठेवला. "लिंबाएवढी व्हती. आता लागती का बघ हाताला."

लागत होती, पण जेमतेम बोराएवढी. सलाईनीनं आपलं काम चोख केलं होतं आणि श्रेय कारलं घेऊन गेलं होतं.

"ती औषधानं लहान झालीय, आई."

"औषध साखरंचंच व्हतं न्हवं?"

"हो."

"मग झालं की! तूच म्हनालीस, साखरंनं गाठ व्हती. त्या तुझ्या काचंतल्या पेशी का काय, साखर खाऊन मऊ पडत्यात आनि बारक्या भोकातनं पळत्यात. म्या म्हनलं, मग द्यायचीच न्हाई त्यास्नी साखर. गूळ सोडला. च्यातली साखर सोडली. भात सोडला. यंदाचा इंद्रायनी येऊन पडलाय घरात, वास घमघमतोय, म्या एक शीत तोंडात घातलं न्हाई. उपाशी मारली गाठीला. आता मेलेलं कापाया पुन्याला कशापायी जायाचं?"

आईच्या विचारात कुठंही खोट नव्हती. हाती दिलेलं माप खोटं होतं, पण त्या मापानं तिनं रास अगदी इमानानं मोजली होती. परिषदेत कुणी इतक्या सरळ रेषेत मांडणी केली असती तर सुलक्षणानं मनातून वाहवा केली असती. इथं तिला ती मोडायची होती. त्या बोराएवढ्या गाठीत काय उरलेलं असतं, याची तिला कल्पना होती. औषधातून तगलेल्या पेशी उरतात, चिवट, निसटायला टपलेल्या. ऑपरेशन लांबलं तर गाठ पुन्हा धरणार, आणि पुढच्या खेपेला ती छातीतच थांबेल याची हमी कुणी देणार नव्हतं.

"मुळं राहतात गं आत," ती म्हणाली. "हरळीसारखी. मुळासकट काढायला नको?"

"हरळी जित्या रानात काडत्यात. मेलेल्याला कसली मुळं?"

"साखर पुन्हा चढली तर?"

"चढली तर पुन्ना उपाशी मारीन. मला जमतंय आता ते."

बाहेरून कुणीतरी ओरडलं, "मावशी, अजून चार भाकरी!" सुलक्षणाची वहिनी आली, नणंदेकडे न बघता टोपलं उचलून निघून गेली. सुलक्षणानं शपथ घालून बघितली. ठकुबाई हसली आणि म्हणाली, शिकलेल्या बाईनं शपथा घालू नयेत. सुलक्षणाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मात्र खरं होतं. ठकुबाईनं ते पदरानं टिपलं आणि तिलाच धीर दिला की अगं, बरी झाले मी, आता कशाला रडतेस. जे जे सुलक्षणा बोलत होती ते साखरेच्याच भोवती फिरत होतं, आणि साखरेची लढाई आई जिंकून बसली होती. खोट्याच्या पायावर दुसरं खोटं काही केल्या उभं राहीना.

तेवढ्यात मागच्या दारानं बाळाबाई आली. ही त्यांची शेजारीण, ठकुबाई लग्न होऊन पालीत आली तेव्हापासूनची जोडीदारीण. भातलावणीला दोघी जन्मभर एका ओळीत वाकलेल्या. बाळाबाईच्या हातात रिकामा पेला होता.

"ठके, कारलं हाय का गं एखादं? माझी सपली." मग तिचं लक्ष गेलं. "अगो बया, सुलक्षणा! कधी आलीस पोरी?"

"आत्ताच, काकी. कारलं कशाला? तुम्हालाही साखर निघाली का?"

"छ्या! साखर न्हाई मला," बाळाबाई म्हणाली. "गाठ तेवढी हाय. ठकीसारखी."

ठकुबाई कौतुकानं सांगू लागली. दसऱ्याच्या सुमारास अंघोळ करताना बाळीच्या हाताला लागली. पोराला सांगून दवाखान्यात निघाली होती. "म्या म्हनलं, थांब. माझी सुलक्षणा येवढी मोठी डाक्टर, तिनं सोता सांगितलंय, ह्ये साखरंनं व्हतं. सुया टोचून घ्यायच्या आदी भात सोडून बघ. दोगी मिळून पितो आमी सकाळी कारलं."

"कमी झाली का, काकी?"

"अजून न्हाई बया. उलीशीक वाढल्यागत वाटती. पर ठकी म्हनती, तिचीबी आदी वाढलीच व्हती."

"मला बघू द्या."

ज्या खोलीत भाताची पोती रचली होती तिथं ती बाळाबाईला घेऊन गेली. सुलक्षणा काही रोगी तपासणारी डॉक्टर नव्हती, तिचा सगळा अनुभव काचेखालचा. पण बोटांना जे लागलं ते समजायला डॉक्टरकी लागत नव्हती. गाठ टणक होती. ढकलून हलत नव्हती. वरची कातडी एका जागी आत ओढली गेली होती. बाळाबाई तिच्या तोंडाकडे भाबडेपणानं बघत होती. एका घरापुरतं म्हणून सांगितलेलं खोटं मागच्या दारानं शेजारी गेलं होतं, आणि तिथं दोन महिने भात खाऊ न देता बसलं होतं. अजून किती घरांत गेलं असेल? तिला स्वतःची किळस आली, आणि भावाला दिलेला शब्द आता पाळता येणार नाही हेही तिला त्याच वेळी कळलं.

ती बाळाबाईचा हात धरून चुलीपाशी परत आली. दारात हनुमंत रिकामं टोपलं घेऊन उभा होता. बहिणीचा चेहरा बघून त्याला काय ते उमगलं. त्यानं मान हलवली. नको. जोरजोरात हलवली.

"आई," सुलक्षणा म्हणाली, "तुझी गाठ साखरेची नाही."

"आं?"

"कॅन्सर आहे तुला. श्रावणापासून आम्हाला ठाऊक आहे. ती सलाईन साखरेची नव्हती, कॅन्सरचीच होती, आणि तिनंच गाठ लहान झाली. कारल्यानं नाही. उरलेली काढली नाही तर ती परत वाढेल. मी तुला खोटं सांगितलं." ती बाळाबाईकडे वळली. "काकी, तुमची गाठ कसली आहे ते मला ठाऊक नाही. तसली असेल, नसेलही. पण ती उपाशी राहून जाणार नाही. आजच्या आज दाखवायला पाहिजे."

हनुमंत उंबऱ्यावर मटकन बसला. "मारलंस," तो म्हणाला. "मारलंस तू तिला."

ठकुबाईचे हात पिठात तसेच राहिले. तव्यावरची भाकरी करपू लागली. मग ठकुबाईनं हळूहळू तोंड फिरवलं, चुलीमागच्या धुरकटलेल्या भिंतीकडे. अशाच फिरलेल्या तोंडाकडे बघत तिनं आबांचे शेवटचे दिवस काढले होते. पडवीत कुणीतरी मोठ्यानं हसलं, आणि ते हसणं तिला असह्य झालं.

"तुझ्या आबास्नी झालं त्येच?" भिंतीकडे बघतच ठकुबाईनं विचारलं.

"त्याच जातीचं. पण आई, तुझं लवकर सापडलंय, तुला औषध लागू पडलंय, आणि..."

"इचारलं तेवढं सांग."

"हो. तेच."

ठकुबाईनं करपलेली भाकरी बोटांनीच उचलून बाजूला टाकली आणि मुलाकडे वळली. "हन्म्या, तुला ठावं व्हतं?"

हनुमंतानं मान खाली घातली.

"सुनंला?"

"व्हय."

"त्या शैलजाबाईला?"

"त्यांनीच तर पैलं सांगितलं."

"म्हंजी माझं मला सोडून समद्यांस्नी ठावं," ठकुबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण असा आवाज तिच्या पोरांनी कधी ऐकला नव्हता. "आनि म्या शानी, गावाला शिकवीत हिंडतीय. हिला दवाखान्याच्या वाटंवरनं म्या माघारी फिरवली, सुले. म्या! रोगानं मेले असते तर रोगाला शिव्या घातल्या असत्या. बाळी मेली असती तर म्या कुनाला घालायच्या? तुला का मला?"

बाळाबाई पेला छातीशी धरून मुकाट रडत होती. "मलाबी त्येच असंल का गं, ठके?"

"ठावं न्हाई. बघाया लागंल." ठकुबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. पहिल्या खेपेला तोल गेला, पण सुलक्षणानं पुढं केलेला हात तिनं घेतला नाही. "ऊठ. रडून का गाठ जानार हाय? हन्म्या, टेम्पो काड. भोरला, त्या शैलजाबाईकडं."

"आई, पडवीत पंधरा-ईस मानसं बसल्याती."

"सांग त्यास्नी, म्हातारीला कॅन्सर हाय, हातानं वाढून घ्या!"

हे ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की पडवी चिडीचूप झाली. पालीत त्या रोगाचं नाव इतक्या खड्या आवाजात कुणी घेतल्याचं हनुमंताच्या तरी आठवणीत नव्हतं. मग पडवीतला एक पोरगा उठला, आत डोकावला आणि हळूच म्हणाला, "तुम्ही जा काका, आम्ही बघतो."

टेम्पोत पुढं दोघी म्हाताऱ्या हनुमंताशेजारी बसल्या आणि सुलक्षणा मागं रिकाम्या गॅस सिलिंडरांना धरून. तिनं डॉक्टर शैलजांना फोन केला होता. त्या संध्याकाळपर्यंत थांबणार होत्या. विंझर गेलं, मार्गासनी गेलं. केबिनच्या मागच्या काचेतून तिला दोन पदर तेवढे दिसत होते, एक बोलत होता आणि एक ऐकत होता, कोण कुठला ते कळत नव्हतं. आईनं निघाल्यापासून तिच्याशी अवाक्षर काढलं नव्हतं. बाळाबाईसाठी ती उठली होती, पण स्वतःसाठी उठेल का? बाळाबाईचं काम झालं की घरी येऊन भिंतीकडे तोंड करणार नाही कशावरून? सोमवारचं विचारायची सुलक्षणाची छाती झाली नाही. नसरापुराला टेम्पो डिझेलसाठी थांबला तेव्हा हनुमंत खाली उतरला आणि बहिणीसमोरून गेला, पण त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. दोघांपैकी एकाचं खरं होणार होतं, आणि त्याचं होऊ नये म्हणून सुलक्षणा मनातल्या मनात मेंगाईदेवीला विनवत होती. एरवी ती देवाचं नाव सणासुदीलाच घ्यायची.

भोरला पोचल्यावर डॉक्टर शैलजा स्वतःच दारात आल्या. भोर-वेल्ह्यातल्या बायकांची दुखणी बघण्यात या बाईंचे केस पांढरे झालेले. सुलक्षणा पुढं होऊन सांगू लागली, "मॅडम, या आमच्या शेजारच्या, यांना दसऱ्यापासून..."

"तू गप," ठकुबाई म्हणाली. "बाई, माझं मला कळलंय आज. माझं ऱ्हाऊ द्या. पैलं हिचं बघा, आनि काय असंल ते हिला सोताला सांगा. हिच्या पोराला न्हाई, हिला."

डॉक्टर शैलजांनी एकदा सुलक्षणाकडे पाहिलं आणि बाळाबाईला आत घेतलं. दार लागलं. हनुमंत टेम्पो नीट लावायला म्हणून गेला तो आलाच नाही. बाहेरच्या बाकावर ठकुबाई बसली आणि सुलक्षणा भिंतीला टेकून उभी राहिली. मधे दोन हातांचं अंतर होतं, आणि ते ओलांडायची तिला हिंमत होत नव्हती.

"सुले."

"काय आई?"

"कापल्यावर म्या जगंन का?"

उत्तर तिच्या ओठांवर तयारच होतं. जगशील गं, असं काय बोलतेस! कुणीही लेक हेच म्हणाली असती, आणि तिला कुणी दोष दिला नसता. आई टक लावून बघत होती. सुलक्षणाला वाटलं की आत्ता खरं बोलले आणि ती खचली, तर तिला मीच मारलं असं हनुमंत जन्मभर म्हणेल. मलाही तसंच वाटत राहील.

"मला ठाऊक नाही, आई," ती म्हणाली. "कापलं तर चांगली आशा आहे. नाही कापलं तर नाही. पण नक्की जगशील का, ते मला ठाऊक नाही. डॉक्टरांनाही नाही."

"आनि त्ये साखरंचं? काचंतलं?"

"तेही अजून नक्की ठाऊक नाही. तेच शोधतेय. ठाऊक असल्यासारखं तुला सांगितलं, तिथंच चुकलं माझं."

पदराचं टोक ठकुबाईनं बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. सुलक्षणाचे डोळे तिच्या मानेवर खिळले होते, ती मान भिंतीकडे वळते की काय म्हणून.

"हां," ठकुबाई शेवटी म्हणाली. "आता खरं बोलतीस असं वाटतंय." मग बाकावर हात टेकून ती जरा सरकली. "सोमवारी तूच ऱ्हा माझ्यासंगं. हन्म्याला घरी ठिव. त्यो रडतोय."

आतून बाळाबाईनं घाबऱ्या आवाजात "ठके" अशी हाक मारली, आणि ठकुबाई शेजारी येऊन बसलेल्या लेकीच्या खांद्याचा आधार घेऊन उठली.